बाकाखालून बाहेर आल्यावर

१९५१ साली अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्यानं शाळकरी मुलांसाठी नऊ मिनिटांची एक फिल्म काढली. नाव ‘डक अँड कव्हर’. बर्ट नावाचं एक कासव डोक्यावर टोप घालून रमतगमत चाललेलं असतं. झाडावरचं माकड दोरीला फटाका बांधून त्याच्या समोर धरतं. फटाका फुटायच्या आत कासव कवचात. मग खरीखुरी मुलं दिसतात. निवेदक सांगतो, लख्ख उजेड दिसला की खाली पडा आणि डोकं झाका. वर्गातली मुलं बाकांखाली घुसतात. सहलीला गेलेलं कुटुंब जेवायला अंथरलेली चादरच अंगावर ओढून घेतं. अंग भाजू नये म्हणून साधं वर्तमानपत्रसुद्धा उपयोगी पडेल, असा दिलासा निवेदक देतो. टोनी नावाचा मुलगा सायकलवरून चाललेला असतो. तो सायकल टाकून भिंतीच्या कडेला पालथा पडतो.

ही फिल्म आज लोक हसण्यासाठी बघतात. अणुबाँबपुढे वर्तमानपत्र! हसू येतं हे खरं, पण मला तो सल्ला अगदीच वेडगळ वाटत नाही. स्फोटाचा उजेड क्षणात पोचतो, धक्का मागून येतो. जो स्फोटापासून पुरेसा लांब आहे आणि मधल्या काही सेकंदांत आडवा होतो, तो निदान काचांपासून तरी वाचतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा एका शाळेतल्या बाईंनी उजेड दिसताच चौथीच्या मुलांना बाकांखाली जायला लावलं. मुलांना काही झालं नाही. बाई स्वतः उभ्या राहिल्या होत्या, त्यांना काचांनी कापलं. त्या दिवशी हजाराहून जास्त माणसं जखमी झाली, बरीचशी फुटलेल्या काचांमुळेच.

तेव्हा खोटेपणा बाकाखाली जाण्यात नव्हता, बाहेर येण्यात होता. धोका टळल्याचा भोंगा व्हायचा, मुलं गुडघे झटकत उठायची आणि गणिताचा तास पुढे सुरू व्हायचा. बाहेर आल्यावर घर जागेवर असेल का, आई असेल का, नळाला येणारं पाणी प्यायचं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. त्या काळात वाढलेल्या अमेरिकी माणसांच्या आठवणी वाचताना मला बाँबपेक्षा हा न विचारलेला प्रश्नच जास्त भेटतो. विमानाचा आवाज आला की श्वास रोखून ऐकत राहायचं, भोंगा वाजला की तालीम आहे की खरंच आलं हे मोठ्यांच्या चेहऱ्यावर शोधायचं, आणि घरी यातलं काही बोलायचं नाही. कारण आईबाबांनाही ठाऊक नाही, हे मुलांनी ताडलेलं असायचं.

मोठी माणसं तोंडानं बोलत नव्हती, तरी बरंच सांगून जात होती. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या शाळांनी मुलांच्या गळ्यात सैनिकांसारखे ओळखीचे बिल्ले घातले. इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीत तर शाळकरी मुलांच्या अंगावर रक्तगट गोंदवला. कुठे, तर डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांवर. दंडावर का नाही? कारण दंड शिल्लक राहीलच याची खात्री नव्हती. ज्या पोराला हे कारण कुणी सांगितलं नसेल, त्यानंही ते कधी ना कधी शोधून काढलं असेल.

आणि १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेनं जो हायड्रोजन बाँब फोडला, तो हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट होता. बाकाखालची कवायत मात्र पुढेही तशीच चालू राहिली. साठच्या दशकात सिबिल एस्कलोना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना एक साधा प्रश्न विचारला: दहा वर्षांनी जग कसं असेल? युद्धाचं, बाँबचं नावही काढलं नव्हतं. तरीही बहुसंख्य मुलांनी आपणहून अण्वस्त्रांचा विषय काढला. म्हणजे मुलांना काही कळत नाही, हा समज मोठ्यांचा एकट्यांचाच.

या सगळ्यात मला एकच गोष्ट अशी दिसते, जिथं मोठ्यांनी मुलांना खरं सांगितलं आणि खरं कामही दिलं. ती घडली सेंट लुईस शहरात. अणुचाचण्यांची धूळ वाऱ्यानं हजारो मैल जाते, पावसाबरोबर कुरणावर उतरते, गाय ते गवत खाते आणि तिच्या दुधातून ती मुलांच्या पोटात जाते. त्या धुळीतलं स्ट्राँशियम-९० हे रासायनिक गुणांनी कॅल्शियमसारखं; त्यामुळे शरीर फसतं आणि ते हाडांत, दातांत साठवून ठेवतं. हे मोजायचं कसं? जिवंत मुलाचं हाड काढून तपासता येत नाही. दुधाचे दात मात्र आपसूक पडतात.

डिसेंबर १९५८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले बॅरी कॉमनर, डॉ. लुईस रीस या बाई आणि शहरातले नागरिक यांनी दात गोळा करायला घेतले. आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात नाही तर उंदराच्या बिळाजवळ ठेवतात. तिकडे उशाखाली ठेवला की परी येऊन नाणं ठेवून जाते. सेंट लुईसच्या पोरांनी परीला नाराज करून दात पाकिटात घातले. सोबत एक फॉर्म असे: जन्म कुठला, आईचं दूध प्यायला होतास की बाटलीचं. दात दिला म्हणून छातीवर लावायला बिल्ला मिळे. तोही बिल्लाच, पण न्यूयॉर्कच्या बिल्ल्याहून किती वेगळा! तो प्रेत ओळखण्यासाठी नव्हता. १९७० पर्यंत तीन लाखांवर दात जमले. पहिले निष्कर्ष १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. चाचण्या वाढत गेल्या तसतसं दातांतलं स्ट्राँशियमही वाढत गेलं होतं. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या थांबवणारा करार झाला. तो केवळ दातांमुळे झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आदल्याच वर्षी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या काठावर जाऊन आलं होतं. पण त्या करारामागच्या लोकमतात दातांचा वाटा होता, यात शंका नाही.

ऐंशीच्या दशकात पुन्हा तीच लपण्याची तालीम. ब्रिटिश सरकारनं १९८० मध्ये पुस्तिका काढली: घरातली दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला तिरकी लावा आणि त्यांच्याखाली राहा. पलीकडे सोव्हिएत शाळांत मुलं गॅस मास्क घालायचा सराव करत होती. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दहा वर्षांच्या सामंथा स्मिथनं थेट सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहून विचारलं, की तुम्ही युद्ध करणार आहात का? त्यांनी उत्तर दिलं, तिला देश बघायला बोलावलं. यात प्रचाराचा भाग होता, नाही असं नाही. तरी मुलीनं प्रश्न विचारला आणि कुणीतरी उत्तर दिलं, ही गोष्ट उरतेच.

आपल्याकडे ही भीती पोचलीच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या आधीच्या मुलांना १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट आठवतो, खिडक्यांना लावलेले काळे कागद आठवतात. आमच्या वाट्याला आलं १९७९ चं स्कायलॅब, पृथ्वीवर कोसळू लागलेलं अमेरिकेचं अंतराळस्थानक. आता जग बुडणार म्हणून गावोगावी कोंबड्या कापून खाल्ल्याचे किस्से अजून सांगितले जातात. शेवटी ते पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले तेव्हा पेढे वाटले गेले, फटाके उडाले. त्याच महिन्यात पाकिस्ताननंही स्फोट केले. पुढच्या वर्षी कारगिल झालं, २००१-०२ मध्ये दोन्ही सैन्यं महिनोन्‌महिने सीमेवर समोरासमोर उभी राहिली. घरातल्या मुलांना यातलं काय सांगितलं गेलं? स्फोटाची तारीख आणि अभिमान. आपली मुलं घाबरली नाहीत याचं काहींना कौतुक वाटतं. मला वाटत नाही. ज्याला खोली ठाऊक नाही तो विहिरीच्या कठड्यावर निवांत बसतो, त्याला धीट म्हणू नये.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. मुंबईत भोंगे वाजले. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत तारापूरचंही नाव होतं, जिथं अणुवीज केंद्र आहे. देशात काही शाळांत मुलांना बाकांखाली बसवून कान झाकायला शिकवलं, त्यांचे फोटो छापून आले. मुलं हसत होती, आणि का हसू नये? पण सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या फिल्मसारखीच ही तालीमही भोंगा थांबला की संपली. बाहेर आल्यावर काय, हा प्रश्न याही वेळी राहून गेला.

मुलांना घाबरवा असं मी म्हणत नाही. सेंट लुईसच्या पालकांनी घाबरवलं नव्हतं. गवत, गाय, दूध, दात एवढी साखळी समजावली होती, ती दुसरीतल्या पोरालाही कळते. आपल्याकडे सांगण्यासारखं आहेच. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्ताननं करार केला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्या करारानुसार १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्ध झालं, बोलणी तुटली, तरी यादी जाते. शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी भोंग्याची तालीम झाली तर बाकाखालून बाहेर आलेल्या मुलांना त्याच तासाला या यादीबद्दल सांगा, आणि मग ती जे विचारतील ते विचारू द्या.