गंडांतर

ज्या शब्दांचे मूळ आपण रोजच्या वापरात पार विसरून गेलो आहोत, त्यांत 'गंडांतर' हा एक ठळक शब्द होय. बदलीचा हुकूम रद्द झाला की गंडांतर टळले असे आपण म्हणतो. हा शब्द ज्योतिषातील 'गंडांता'वरून आलेला. आश्लेषा सरून मघा लागते, ज्येष्ठा सरून मूळ लागते आणि रेवती सरून अश्विनी लागते, त्या तीन सांध्यांचे हे नाव. नक्षत्रे सत्तावीस, म्हणजे सांधेही सत्तावीस. मग भय या तिघांचेच का? कारण येथे नक्षत्र आणि रास ही दोन्ही एकाच क्षणी संपतात. इतरत्र एक सरले तरी दुसऱ्याचा आधार उरलेला असतो.

ग्रीकांनी आयुष्यातील अशा अवघड वर्षांना शिडीच्या पायरीवरून नाव दिले. दर सातवे वर्ष कठीण, आणि सात नवे त्रेसष्ट हे सर्वांत घातकी. रोमचा सम्राट ऑगस्टस याने ते वर्ष सुखरूप पार पडल्याचे समाधान आपल्या नातवाला पत्राने कळविले होते. पुढे तो पंचाहत्तरी ओलांडून गेला, ही गोष्ट वेगळी! आपल्याकडेही सत्त्याहत्तराव्या वर्षी, सातव्या महिन्यातील सातवी रात्र 'भीमरथी' म्हणून दुस्तर मानली आहे. सातांची ही ओढ दोन्हीकडे असावी याचे नवल वाटते. परंतु निव्वळ आकड्याचे भय आम्हांस पटत नाही. साठीशांतीमागे निदान साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन जन्मसंवत्सर परत येते, एवढी तरी संगती आहे.

आकड्याला चिकटलेली नावे माणसाचा निवाडाही करून टाकतात. 'गद्धेपंचविशी' म्हटले की तरुणाच्या उनाडपणाला परवाना मिळतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हटले की वडिलांचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारी टळते. पहिली सवलत आम्ही एक वेळ क्षम्य मानू. दुसरी मात्र सरळ अन्याय आहे, आणि तो करणारे बहुधा आमच्याच वयाचे असतात.

हा आकडा किती लवचीक आहे हे पाहावयास चंडीगढसारखे दुसरे गाव नाही. केंद्र सरकारचा नोकर पूर्वी पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. १९६२ साली ते वय ५८ झाले आणि १९९८ साली ६०. चंडीगढ प्रशासनाचे नोकर मात्र पंजाबच्या नियमांनी ५८ व्या वर्षीच घरी जात. एकाच वर्षी जन्मलेले दोन कारकून, एकाच सेक्टरात राहणारे. त्यांतील एक दोन वर्षे आधी 'म्हातारा' ठरे. १ एप्रिल २०२२ पासून प्रशासनाला केंद्राचे सेवानियम लागू झाले आणि त्याचेही वार्धक्य दोन वर्षांनी लांबले. त्याचे गुडघे तेच होते, दृष्टीही तीच.

तरीही निवृत्तीला गंडांतर म्हणण्यास आमची हरकत नाही, विशेषतः परमुलखात नोकरी केलेल्याच्या बाबतीत. साठी भरते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, माध्यान्हानंतर, त्याचे पद संपते. सरकारी घर सोडण्याची मुदतही तेव्हाच सुरू होते. गावाकडील वाटण्या होऊन गेलेल्या असतात. मुले आपसांत पंजाबी-हिंदीत बोलतात. ज्यांच्याशी तीस वर्षे मराठी बोललो ते एकेक करून पुण्या-नागपुरास परतलेले असतात. नक्षत्रही गेले, रासही गेली.

साठीशांतीत एक शहाणपण आहे. तिचा खटाटोप यजमान एकटा करीत नाही. मुले, सुना, शेजारी त्याच्याभोवती जमतात. आमच्या कचेऱ्यांत निरोपसमारंभ होतो. हार, चहा, समोसे आणि दोन भाषणे. साडेपाचाला दालनाला कुलूप लागते. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, त्याच्या दारावरची घंटा वाजवावी असे आम्हांपैकी कितीजणांच्या मनात येते?