थंडीत जागा होणारा कंद

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या कानांना मफलर दिसू लागले, की फ्रिजियाचे कंद लावायला हरकत नाही. हे फूल दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून हिवाळ्यात वाढायचं नि उन्हाळाभर मातीत झोपायचं, ही त्याची रीत.

युरोपातल्या कडक हिवाळ्यात जमीन गोठते, कंद मरतात. तिथे ते वसंतात लावतात, नाहीतर काचघरात. आपल्याकडे ती भीती नाही. झोपेतल्या कंदाला काही आठवडे तीस अंशांची ऊब लागते. ती आपला उन्हाळा फुकट देतो, नको तेवढी! पुढे मात्र माती गार हवी, साधारण पंधरा अंश. तरच कळी धरते. खरी अडचण इथेच. नगरची रात्र गार, पण दुपार तापते. तेव्हा कुंडी पूर्वेकडे ठेवा, टोक वर करून कंद दोन इंच खोल लावा.

फुलोऱ्यापाशी दांडा काटकोनात वाकतो आणि कळ्या आभाळाकडे तोंड करून रांगेत बसतात. आधी उमलते ती वाकणाजवळची. पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढून सावलीत ठेवा. उंदरांपासून लांब!