कुंपणाबाहेरची तयारी

मे महिन्यात आमच्या तळ्यात पाण्याचा थेंब नसतो. मोठे मासे बोअरवेलच्या पाण्यावर राखलेल्या लहान तळ्यात हलवलेले असतात आणि मोठ्या तळ्याच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तंजावरहून तिरुवैयारूच्या वाटेवर, भातशेतांच्या मधोमध आमचं छोटं सुट्टीघर आहे. चार खोल्या, एक पडवी, नारळाची बाग आणि गळ टाकून बसायला हे तळं. या दिवसांत कुणी आलं तर त्याला वाटेल, धंदा बुडाला. आमचं वर्ष मात्र इथूनच सुरू होतं.

तळं पूर्ण सुकवणं हे मत्स्यपालनातलं पहिलं काम. उन्हानं तळ तापला की गाळातली कुजकट घाण जिरते, आगंतुक तिलापिया संपतात. वरचा गाळ आसपासचे शेतकरी ट्रॅक्टरनं भातखाचरांत नेतात, त्यामुळे उपसण्याचा खर्च वाटला जातो. मग चुना, हेक्टरी दोन-अडीचशे किलो, आणि त्यावर शेणखत. पुढे पाणी आलं की लगेच मासे सोडायचे नाहीत. पाण्याला हिरवट रंग चढू द्यायचा. हात कोपरापर्यंत बुडवावा; पंजा जेमतेम दिसला तर पाणी तयार. मग बोटुकली आणायची: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणजे कुणाचं कुणाशी भांडण नाही. बोटुकलीच्या पिशव्या सकाळच्या गारव्यात अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवायच्या आणि आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की नुसतं तोंड सोडायचं. पिशवी उपडी करायची नाही, मासा आपण होऊन बाहेर पडला पाहिजे. कटला किलोभराचा व्हायला साधारण वर्ष लागतं. म्हणजे या हंगामात पाहुण्याच्या गळाला लागणार तो गेल्या वर्षी सोडलेला मासा.

बाकीची कामं कोणत्याही सुट्टीघरात असतात तीच. लाकडी धक्क्याच्या फळ्या बदलणं, बांबूच्या काठ्यांना नवी दोरी आणि गळ, मच्छरदाण्या, गाद्यांना ऊन, लहान मुलांसाठी तरंगजाकिटं. यादी करावी, माणसं लावावीत, आठवड्याभरात हातावेगळी होतात. आपल्या कुंपणाच्या आतलं सगळं पैशानं आणि कष्टानं होतं.

अडचण कुंपणाबाहेर आहे. आमच्या तळ्यात पाणी येतं ते एका पाटातून, आणि तो पाट सात-आठ जणांच्या शेतांना वळसे घालत आमच्यापर्यंत पोचतो. आम्ही सगळ्यात शेवटचे. वाटेत कुठेही जलपर्णी साचली, कुणी बांध पुढे सरकवला, लग्नाच्या मांडवातल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग मोरीत अडकला, की आमचा चुना, शेण, बोटुकली सगळं व्यर्थ. वरच्या अंगाला ज्यांची शेती आहे त्यांना सगळे ‘पेरियवर’, म्हणजे वडीलधारे, म्हणतात. दर उन्हाळ्यात त्यांचं एकच सांगणं असतं: “तंबी, आधी पाट बघ. पाट तुंबला तर तुझं तळं म्हणजे नुसता खड्डा.”

म्हणून मेच्या अखेरीस आम्ही सगळे मिळून पाट साफ करतो. या प्रदेशाला ही गोष्ट नवी नाही. पाण्याच्या लाभधारकांनी स्वतः राबून कालवे-तळी राखायची, या रीतीला इकडे कुडिमरामत्तु म्हणतात. ब्रिटिशांनी 1858 साली कायदा करून ती सक्तीची केली. जे गाव आपखुशीनं करत होतं ते हुकुमाचं झालं आणि हळूहळू सुटत गेलं. 2017 पासून तमिळनाडू सरकारनं त्याच नावानं योजना आणून तळी दुरुस्त करायला घेतली. महाराष्ट्रातल्या वाचकाला पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आठवावेत. कोहळींनी बांधलेले, धीवरांनी मासे धरलेले ते तलाव 1950 च्या कायद्यानंतर सरकारजमा झाले. मालकी बदलली, पण गाळ काढायचा कुणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला.

आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी, तंजावरात मराठी राज्य उभं करणाऱ्या एकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलेल्यांपैकी. त्यामुळे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून आमच्याकडे उतरतात. मी त्यांना आणखी एक जागा पाहायला सांगतो. मोठ्या देवळाला लागून शिवगंगा तलाव आहे. शहराबाहेरच्या सेवप्पनायकन तळ्यातलं पावसाचं पाणी गाळ खाली ठेवून शिवगंगेत यायचं आणि तिथून जमिनीखालच्या वाटांनी अय्यनकुळमसारख्या शहरातल्या तळ्यांत जायचं. नायक राजांनी उभी केलेली ही व्यवस्था मराठ्यांनी चालवली. नंतर वरून वस्ती वाढली, खालच्या वाटा बुजल्या, आणि तळी आपापल्या चार भिंतींत कोरडी पडली. अलीकडे अय्यनकुळम पुन्हा भरलं, ते पायऱ्यांना डागडुजी केली एवढ्यानं नव्हे. जुन्या वाटा शोधून मोकळ्या केल्या तेव्हा पाणी आलं.

पाटाच्याही पलीकडे कावेरीवरचं मेट्टूर आहे. 1934 साली पुरं झालेलं हे धरण; पूर्ण पातळी 120 फूट. रिवाजाची तारीख 12 जून. त्या दिवशी दारं उघडली की दोन-तीन दिवसांत पाणी कल्लणैला, करिकाल चोळाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्याला, पोचतं आणि तिथून शाखा-उपशाखांत वाटलं जातं. कुरुवै भाताची पेरणी याच पाण्यावर. पण तारीख पाळायची की नाही हे कोडगूच्या पावसावर आणि दोन राज्यांच्या हिशेबावर ठरतं. 2022 साली 24 मेलाच पाणी सुटलं, गाळ अर्धाही निघाला नव्हता. 2024 साली 12 जून कोरडा गेला. पाणी आलं 28 जुलैला, आडी पेरुक्कु चार-सहा दिवसांवर असताना. त्या सणाला नदीकाठी बायका पाण्याची पूजा करतात, घराघरांतून चित्रान्नाचे डबे निघतात, आणि आमच्या चारही खोल्या भरतात. त्या वर्षी फोन करून सगळ्यांना सांगितलं, मासेमारी होणार नाही, यायचं तर नदीसाठी या. निम्मे आले.

हंगामाची तयारी म्हणजे आपली जागा सजवणं, असं या धंद्यात नव्यानं येणाऱ्याला वाटतं. बाहेरगावचे सल्लागारही तेच सांगतात: चांगले फोटो, चांगल्या चादरी. ते लागतंच. पण आमचा माल पाणी आहे, आणि पाणी आमचं नाही. वरच्या माणसानं सोडलं तर ते येतं, खालच्यासाठी सोडावं लागतं. आम्ही शेवटचे असलो तरी तळ्याचा सांडवा खालच्या ओढ्यात जातो, तिथं दुसऱ्या कुणाची गुरं पाणी पितात.

गेल्या हंगामापासून आमच्या बिलात ‘पाटसफाई’ अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ, पण बहुतेक पाहुणे थांबून विचारतात, हे काय? मग त्यांना धक्क्यापासून पाटाच्या काठानं पेरियवरांच्या बांधापर्यंत चालवत नेतो. काहींना ती ओळ खटकते; मासा पकडायला आलो, पाट कशाला बघू, म्हणतात. त्यांचं चुकतं असं नाही. पण ती ओळ मी काढणार नाही. तळ्याचं भाडं घ्यायचं आणि पाटाचा खर्च शेजाऱ्यांवर टाकायचा, हा हिशेब फार वर्षं चालत नाही, हे तंजावर शहरातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांनी कधीच सांगून ठेवलं आहे.