हिऱ्याचे वजन आणि हिऱ्याचे तेज

॥ राम कृष्ण हरि ॥

माघी वारी करून परतताना आमचा मुक्काम सोलापुरास पडला. रात्री कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र खांबाला टेकून बसून राहिले. गळ्यात तुळशीची माळ, वीस वर्षांची पायी वारी. आम्ही म्हटले, "माऊली, काही बोलायचे आहे का?"

त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रपंचाचा. मुलीच्या लग्नात पदक करावे म्हणून त्यांनी कच्चा हिरा विकत घेतला होता. कारागिराने खडा पारखून सांगितले, "पोटात काळा डाग आहे. तो काढायचा तर निम्मे वजन जाईल. वजन राखायचे तर डाग राहील." गृहस्थ म्हणाले, "महाराज, आम्ही पैसे मोजले ते वजनाचे. निम्म्याची भुकटी होणार, तर घेतले काय? खडा परत डबीत ठेवून दिला."

दुसरा प्रश्न परमार्थाचा. सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "वीस वर्षे वारी करतो, पण राग काही जात नाही. मी घरात पाऊल टाकले की पोरे बोलायची थांबतात. असे का व्हावे?"

वाचकहो, हे प्रश्न दोन दिसतात खरे, आहे एकच.

आपल्या चंद्रभागेचे, म्हणजे भीमेचे, पाणी पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेच्या काठी, आणखी खाली आंध्रात, कोल्लूरच्या जगप्रसिद्ध हिऱ्यांच्या खाणी होत्या. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तेथे जाऊन आला. त्याने लिहून ठेवले आहे की, येथील कारागीर निर्दोष खड्याला चक्रीवर नुसता हात फिरवीत. वजन घटेल म्हणून आकार देत नसत. आणि खड्यात दोष असला तर तो झाकावा म्हणून वर बारीक बारीक पैलू पाडीत. अहो, हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून बसलो. दोष झाकण्यासाठी पैलू! आपला टिळा, आपली माळ, आपली वारी हेही तसलेच पैलू तर नव्हेत ना? डाग आत जसाच्या तसा, आणि वरून चकाकी.

आता दुसरी बाजू पाहा. कोहिनूर हिरा 1851 साली लंडनच्या प्रदर्शनात मांडला, तेव्हा पाहणाऱ्यांची निराशाच झाली. नाव एवढे मोठे, पण तेज बेताचे. पुढच्याच वर्षी, 1852 साली, ॲमस्टरडॅमचे कारागीर आणून तो नव्याने घासविला. काम 38 दिवस चालले. त्या वेळच्या मापाने 186 कॅरेटांचा तो हिरा सुमारे 105 कॅरेटांवर आला. एवढे वजन गेले, तेव्हा कोठे तेज आले.

हे घासणे कसे असते तेही ऐका. हिऱ्याला दुसरे काही लागू पडत नाही. फिरत्या लोखंडी चक्रीवर हिऱ्याचीच भुकटी तेलात कालवून लावतात आणि तीवर खडा धरतात. हिऱ्याला कणाची दिशा असते. भलत्या दिशेने धरला तर तो घासलाच जात नाही. म्हणून कारागीर आधी खडा पुन्हा पुन्हा निरखतो, खूण करतो, मगच हात घालतो. संतसंगतीचे असेच आहे, बरं का. जो स्वतः झिजला आहे, त्याच्याच शब्दाने दुसरा झिजतो. आणि कोणाला कोठून धरायचे हे सद्गुरूच जाणतात.

आपल्या पंढरीचे नरहरी सोनार घ्या. शिवाचे कडकडीत उपासक. विठ्ठलाचे तोंड पाहणार नाहीत. एका सावकाराने देवासाठी कमरेचा दागिना त्यांच्याकडे घडवायला दिला. मापाप्रमाणे केला तर एकदा मोठा झाला, एकदा आखूड. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले. हाताला लागली शंकराची मूर्ती. पट्टी काढली तर समोर विठ्ठल! चूक मापात नव्हती, भेद धरणाऱ्या मनात होती. नरहरींची शिवभक्ती काही गेली नाही. गेला तो 'माझा देव वेगळा' हा हट्ट. जन्मभर सोन्याला घाट देणाऱ्या सोनाराला देवाने त्या दिवशी घाट दिला.

तात्पर्य, आपल्याला तेज हवे असते, पण वजन सोडवत नाही. मी कर्ता, मी वडील, मी वीस वर्षांचा वारकरी, हेच ते वजन. डाग त्याच्याच पोटात बसलेला असतो.

गृहस्थांनी विचारले, "म्हणजे खडा घासायला देऊ?" आम्ही म्हटले, "दिलात तर डाग राखून देऊ नका. लेकीच्या गळ्यात लहान पण स्वच्छ खडा शोभेल. पण त्याआधी एक करा. उद्या घरी पोरे गप्प झाली की त्यांना दटावू नका. त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, माझे कोणते बोलणे तुम्हाला लागले? ती सांगतील ते मधे न बोलता ऐकून घ्या. तीच तुमची चक्री."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आणि महाराज, तुमचा डाग?"

प्रश्न रास्त होता. कीर्तनाला मंडळी थोडी जमली की आमच्या मनात खट्टू होते. कोणी दुसऱ्या बुवांची वाखाणणी केली की ती गोड लागत नाही. हे आमचे वजन. ते आम्ही त्यांना सांगितले, आणि आज तुम्हालाही सांगितले. सांगताना जड गेले. पण घासल्यावाचून सुटका नाही, तेव्हा आपण सर्वांनी मिळून त्या विठुरायाच्या हाती खडा द्यावा, आणि वजनाची चिंता त्याच्यावर सोडावी.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥