शाब्बाथ शिरा आणि पाखरांचा घास



शेवाट महिन्यात ज्या शनिवारी ‘बेशालाह’ हा पाराशा वाचतात, त्यास शाब्बाथ शिरा म्हणतात. समुद्र ओलांडल्यावर मोशे रब्बेनू व इस्राएल लोकांनी गाइलेल्या गीतावरून हे नाव पडले. युरोपातील यहुदी लोकांत या दिवशी पाखरांना दाणे घालण्याची जुनी चाल आहे. आख्यायिका अशी की, शाब्बाथला मान्ना मिळणार नाही हे मोशेचे वचन खोटे पाडण्यासाठी काही दुष्टांनी रात्री गुपचूप मान्ना पसरून ठेवला; पण उजाडण्यापूर्वीच पाखरांनी तो टिपून खाल्ला. त्या उपकाराची ही फेड. शिवाय तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी असते.

सिंगापुरात हिवाळा नाही. तरीही मी रोज सकाळी शिळ्या पोळीचे तुकडे इमारतीखाली टाकीत असे. कोकणात आई तांदूळ पाखडताना कणी चिमण्यांपुढे टाकी, तीच ही सवय. हळूहळू कबुतरांचे थवे जमू लागले. एके दिवशी खालच्या मजल्यावरील म्हातारीने, वाळत घातलेले कपडे रोज पुन्हा धुवावे लागतात, असे सांगितले. मला राग आला. मी पुण्य करतो आणि ही मला शिकवते!

पण शास्त्र पाहिले तेव्हा मान खाली गेली. शुल्हान आरूखात (ओराह हायिम, ३२४) भेद स्पष्ट आहे. जे जनावर आपल्यावर अवलंबून आहे, त्याला शाब्बाथलाही खाऊ घालावे. जे आपले अन्न स्वतः मिळवते, त्याला घालू नये. म्हणून काही धर्मगुरूंनी वरील चालीलाही हरकत घेतली, तर काहींनी हेतू चांगला म्हणून ती राखली. उलट, घरच्या मुक्या जिवाला घातल्याशिवाय आपण जेवू नये, असे तल्मूद सांगतो.

इथला कायदाही तसाच आहे. १ जून २०२० पासून परवानगीशिवाय रानटी पशुपक्ष्यांना खाऊ घातल्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. देशाचा कायदा पाळणे हे आपल्या धर्माचेच सांगणे आहे.

बंधूंनो, मान्नाचा नियम आठवा. माणशी एक ओमेर. जास्त राखून ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. जास्तीचे अन्न म्हणजे दया नव्हे. माझी पोळी कबुतराच्या भुकेसाठी नव्हती, माझ्या समाधानासाठी होती. घरट्यातील पिले घेताना आईला सोडून दे, असे तोरा सांगते; म्हणजे पाखराच्या बाजूने विचार कर.

मग करावे काय? १५ शेवाट हे झाडांचे नववर्ष. त्याच दिवसांत आपण एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतो. त्या वेळी कुंडीत एक जास्वंद लावा. इथले इवलेसे सूर्यपक्षी मध शोधीत गॅलरीपर्यंत येतात. त्यांचे ताट परमेश्वराने वाढलेलेच आहे. आपण ते उचलून नेऊ नये, इतके पुरे.

मी त्या म्हातारीची क्षमा मागितली. पाखरांना पोळी टाकण्यापेक्षा ते मला जड गेले.

परमेश्वर आपणा सर्वांस खरी दया देवो. आमेन.