शिकलेले समाधान



आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. ख्रिस्तसभा त्याला 'गाउदेते' रविवार म्हणते. 'गाउदेते' या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'आनंद करा'. म्हणूनच आज वेदीजवळची गुलाबी मेणबत्ती पेटवली आहे. हा शब्द संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून घेतला आहे आणि ते पत्र पौलाने तुरुंगातून लिहिले. सुटका होईल की मरण येईल, हे त्याला ठाऊक नव्हते. अशा माणसाने इतरांना आनंद करायला सांगावे, याचा अर्थ काय?

त्याच अध्यायात पौल पुढे सांगतो की, पोटभर मिळो वा उपाशी राहावे लागो, प्रत्येक परिस्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. 'शिकला' हा शब्द महत्त्वाचा आहे. "त्यांचा स्वभावच समाधानी आहे हो," असे आपण एखाद्याविषयी म्हणतो आणि स्वतःची सुटका करून घेतो. पौलाच्या मते समाधान हा स्वभाव नसून धडा आहे. तो कोणालाही शिकता येतो, पण वेळ लागतो.

समाधानी या अर्थी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला, तो त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द होता. त्यांच्या लेखी समाधानी माणूस म्हणजे ज्याला कोणाचीच गरज उरलेली नाही असा, स्वतःतच पूर्ण असलेला माणूस. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या विचाराचे मला फार आकर्षण वाटे. पण पौलाने शब्द तोच ठेवून त्याचा पाया बदलला. आपले बळ स्वतःचे नसून ख्रिस्ताकडून येते, असे तो लगेच सांगतो. शिवाय फिलिप्पीच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल तो मनापासून कृतज्ञता व्यक्त करतो. हा एपफ्रदीत सेवा करताना आजारी पडून मरणाच्या दारात पोहोचला होता. त्याच्यासाठी पौलाचा जीव तुटला, हेही पत्रात आहे. म्हणजे ख्रिस्ती समाधान हे कोरडे नाही. त्यात माया आहे, काळजी आहे, डोळ्यांत पाणीही आहे.

मग आनंद कशात शोधावा? संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात हा प्रश्न एकेक पायरीने सोडवला आहे. संपत्ती, मान, कीर्ती, सत्ता, शरीरस्वास्थ्य, सुखोपभोग यांची ते क्रमाने तपासणी करतात. पैसा नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी हवा असतो, तो स्वतःच ध्येय होऊ शकत नाही. मान हा देणाऱ्याच्या हातात असतो. आपल्या गावातही हे दिसतेच. वाडी विकून बंगला उभा राहिला, तरी शेजारचा बंगला एका मजल्याने उंच निघाला की जेवण गोड लागत नाही. या वस्तू वाईट आहेत असे नव्हे. त्यांच्याकडून आपण जे मागतो, ते देण्याची त्यांची ऐपत नाही.

खरा आनंद प्रेमातून उपजतो, असे संत थॉमस म्हणतात. आपले प्रिय माणूस जवळ असले किंवा ते सुखरूप आहे एवढे जरी कळले, तरी आपल्याला आनंद होतो. परमेश्वराचा चांगुलपणा तर कधीच कमी होत नाही आणि जो प्रेम करतो त्याच्याजवळ तो असतोच. म्हणून परमेश्वराठायी आनंद हा दुःखाच्या शेजारीही नांदू शकतो. ज्या घरात यंदा आईविना पहिला नाताळ आहे, त्या घराने ओढून-ताणून हसावे असे ख्रिस्तसभा सांगत नाही. येशूदेखील लाजराच्या कबरेपाशी रडला. रडतानाही पित्यावरची त्याची श्रद्धा ढळली नव्हती.

इथे एक शंका उभी राहते आणि ती टाळता कामा नये. समाधानाची शिकवण म्हणजे गरिबाने गप्प बसावे, अशी शिकवण आहे का? घरकाम करणाऱ्या बाईने पगार वाढवून मागितला की, "आहे त्यात समाधान मानावे," असे आपण तिला सांगावे का? पौलाकडे पाहा. उपाशीपोटी समाधानी राहण्याची गोष्ट तो स्वतःपुरती बोलतो. यरुशलेममधील गरीब बांधवांना मात्र त्याने समाधानाचे प्रवचन पाठवले नाही. त्यांच्यासाठी मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी जमा केली. पोप लिओ तेरावे यांनीही 1891 साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात कामगाराला उदरनिर्वाह होईल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, असे बजावले. तेव्हा समाधानाचा धडा स्वतः शिकावा आणि दुसऱ्याच्या बाबतीत न्याय व दया यांचा विचार करावा. हा क्रम उलटला की धर्म ही श्रीमंतांची सोय होते.

नाताळला थोडेच दिवस उरले आहेत. या आठवड्यात तीन साध्या गोष्टी करून पाहू या. रात्री जपमाळेनंतर प्रत्येकाने दिवसातील एका देणगीबद्दल मोठ्याने देवाचे आभार मानावेत, मुलांनीही. सणासाठी घ्यायच्या वस्तूंपैकी एक कमी करावी आणि ते पैसे गरजू कुटुंबासाठी द्यावेत. आपल्याकडे राबणाऱ्या कोणाची मजुरी थकली असेल, तर ती नाताळापूर्वी चुकती करावी. गोठ्यासमोर गुडघे टेकताना कोणाचे देणे मनावर नसावे.

गव्हाणीत निजलेल्या बाळाकडे काहीच नव्हते आणि मेंढपाळ मात्र तेथून आनंदाने देवाचा गौरव करीत परतले. तोच आनंद प्रभू आपणा सर्वांना देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू