ती हसली तेव्हा

परवा एका स्नेह्यांनी व्याख्यानात ठासून सांगितलं, की नवऱ्याला विनोदबुद्धी असली की संसार तरून जातो. टाळ्या पडल्या. मला तिथेच उठून बोलायचं होतं. ते राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

विनोद करतं कोण आणि हसावं कोणाला लागतं, हे आधी विचारायला हवं. असा विषय निघाला की पु. लं.चं नाव येतंच. नाव घेणाऱ्यांनी १९९० साली आलेलं सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ पुन्हा उघडावं. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाबरोबरच्या संसाराचा हिशेब त्यांनी त्यात सडेतोड मांडला, आणि पुष्कळ वाचक रागावले ते त्यांच्यावरच. ५४ वर्षांचा तो संसार विनोदावर तरला, असं ते पुस्तक वाचून मला तरी म्हणवत नाही.

आँरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हसू यायला काळीज घटकाभर बधिर व्हावं लागतं. रस्त्यात कोणी घसरलं तर आपण हसतो. आपलं मूल घसरलं तर धावतो. पुढे तो म्हणतो, की हसू ही समाजाची शिक्षा आहे. चारचौघांच्या चालीने न चालणाऱ्याला लाजवून ती वळणावर आणते. हे खरं असेल, तर प्रेमाच्या माणसाला हसणं म्हणजे तेवढ्यापुरतं त्याच्यावरचं प्रेम बाजूला ठेवणं. वर्षानुवर्षं मी बर्गसाँच्या बाजूने होतो, कारण ती शिक्षा मी घरात पाहिली होती.

आई अकोल्याकडची, वडील पुण्याचे. पाहुणे आले की वडील तिची नक्कल करत. ‘काय करून राह्यली तू?’ म्हटलं की बैठकीत हशा पिकायचा. आईही पदर तोंडाला लावून हसायची. हळूहळू ती लोकांसमोर मोजकं, पुणेरी बोलू लागली. मामाचा फोन आला की दार लोटून घ्यायची.

मग वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. एकच उरला, ‘चमचा’. पाणी हवं तरी चमचा, पंखा लावायचा तरी चमचा. एका संध्याकाळी ते चहाच्या कपाकडे बोट दाखवून चिडून ‘चमचा, चमचा’ म्हणत होते. आईने कप पुढे केला आणि खणखणीत वऱ्हाडीत विचारलं, ‘काय करून राह्यला तुमचा चमचा?’ विचारून ती थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांच्या ओठाची डावी कड हलली, तेव्हा कुठे ती हसली. मग दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चहा निवून गेला.

बर्गसाँच्या हिशेबात ही संध्याकाळ बसत नाही. आईचं काळीज बधिर झालेलं नव्हतं. वडिलांना ते हसू सोसेल का, हे बघायला ती थांबली होती, आणि तसं थांबलेलं मी वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. स्नेह्यांच्या व्याख्यानात हे थांबणं आलं असतं, तर मीही टाळी वाजवली असती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वडिलांना बघायला आल्या. आई त्यांच्याशी तासभर बोलत होती, सगळं वऱ्हाडीत. आतल्या खोलीत वडील कान देऊन ऐकत होते.